सड्यावर डिस्क गोल्फ: 'फोर' नेमकं कोणाला ओरडायचं?

तबकडी (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी माझ्या हातून जे होता होता राहिलं ते लिहितोय. हसायचं तर हसा, पण सल्लाही द्या.

आम्ही सहा जण दर रविवारी सकाळी म्हापशाहून गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, डिस्क गोल्फ खेळायला जातो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: गोल्फच, पण काठी-चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी. खांबावर टोपली, टोपलीच्या वर लोंबणाऱ्या साखळ्या. तबकडी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की होल संपला. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. आमचं कायमचं मैदान वगैरे काही नाही. घडीच्या तीन बास्केट आहेत, त्या गाडीतून नेतो, मांडतो, तीन होल झाले की उचलून पुढे मांडतो. असे नऊ होल.

चौथा होल उताराचा. मध्ये एक उंचवटा, त्याच्या पलीकडे काजूची झाडं. टीवरून, म्हणजे फेकायच्या जागेवरून, बास्केट दिसत नाही, फक्त वरची पिवळी पट्टी दिसते. मी ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) घेतला, होतं नव्हतं ते बळ लावलं आणि डिस्क हातातून उशिरा सुटली. गेली उजवीकडे, थेट काजूंवरून. सवयीने "फोर!" म्हणून ओरडलो. खालून टण्णकन आवाज आला. मागोमाग बाईमाणसाचा आवाज.

पळत गेलो. साठीच्या आसपासची एक मावशी वाकून बोंडू (काजूची फळं) वेचत होती. डिस्क तिच्या शेजारच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर बसली होती, डब्याला हा एवढा पोचा. तिच्यात आणि डब्यात हातभर अंतर. ती म्हणाली, "किदें रे हें उडयतात तुमी? म्हज्या तकलेर पडलें जाल्यार?" मी माफी मागितली, डब्याचे पैसे देऊ केले. घेतले नाहीत. निघताना तिने विचारलं ते मात्र डोक्यात बसलंय: "आनी 'फोर फोर' म्हूण बोब कित्याक मारतालो? फोर म्हळ्यार चार न्ही?"

माझी हाक ऐकून ती काय करत होती, तर मान वर करून आकाशात बघत होती.

तर सांगा. होल बंद करू, वळवू, की खेळायची पद्धत बदलू? आणि ओरडायचं तर काय?

---

निळा_खेकडा

चार म्हटलं की आमच्या वाड्यावर बाउंड्री. मावशीने हात आडवा हलवून इशारा केला नाही हे तुझं नशीब.

बाकी सड्यावर पाय ठेवण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, नारळ ठेवला होतास का? नसशील तर डब्यावर निभावलं म्हणायचं.

---

कप्तान

उगाच बाऊ करताय. मोरजीला, आश्वेला, मांद्रेला पोरं दिवसभर फ्रिस्बी खेळतात, कोणाचं डोकं फुटलेलं ऐकिवात नाही. प्लास्टिकची थाळी ती. आम्ही लेदर बॉलने खेळलो, हेल्मेट नव्हतं, अजून हयात आहोत. खेळ म्हटला की थोडाफार धोका आलाच. 'फोर' ओरडलास, तुझं काम झालं.

---

फोंड्याचा_पाव्हणा

कप्तानसाहेब, आदर राखून सांगतो, इथे चुकताय. आणि नेमकी हीच चूक सगळे करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी ऑरेगॉनमध्ये तीन वर्षं होतो, तिथे हा खेळ शिकलो. तिकडे गावागावांत मैदानं आहेत, बरीचशी सार्वजनिक बागांमधून जातात. म्हणजे तबकडीचा प्रश्न तिथेही रोजचाच: बागेत फिरायला आलेल्याचं काय करायचं.

आधी वजनाचं बघू. किनाऱ्यावर अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळतात ती डिस्क १७५ ग्रॅमची. डिस्क गोल्फचा ड्रायव्हरही साधारण १७०-१७५ ग्रॅमचा. वजन तेवढंच, पण अल्टिमेटवाली २७ सेंमी रुंद, कड बोथट, गोलसर. ड्रायव्हर २१ सेंमीचा आणि कड निमुळती, कडक. लेदर बॉल भरतो १५६ ते १६३ ग्रॅम. म्हणजे तबकडीने उडवला तो लेदर बॉलहून जड ऐवज, आणि तोही धारेच्या बाजूने येणारा. सरावलेला हौशी खेळाडू ताशी ८० किमीच्या आसपास फेकतो, व्यावसायिक ११०च्या वर. ७०-८० मीटर अंतर हौशी माणसालाही जमतं. किनाऱ्यावरची पोरं एकमेकांच्या हातात फेकतात, झेलणारा बघत असतो. इथे झेलणारा कोणी नाही, साखळी आहे. साखळीच्या आजूबाजूला कोण आहे ते कोणी बघत नाही.

दुसरं, डिस्क 'उशिरा सुटली' म्हणालास ते. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क वेग कमी झाल्यावर शेवटी डावीकडे वळते, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून सगळे डावीकडचं बघतात. पण बोटांत अडकून क्षणभर उशिरा सुटली की ती पूर्ण वेगाने उजवीकडे जाते. अपघाताची फेक बहुधा ती असते. त्यामुळे फेकणाऱ्याच्या उजवीकडे पुढे उभं राहून मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मित्रांना आधी मागे बोलवा. मागे म्हणजे चांगलं चार-पाच पावलं मागे, कारण धावत येऊन फेकणाऱ्याचा हात पूर्ण फिरतो. माझ्या एका दोस्ताचा चष्मा डिस्कने नाही, हाताने फुटला होता.

आता 'फोर'. गोल्फमधून आलेला शब्द आहे. तो ऐकला की वर बघायचं नाही. वळायचं, खाली वाकायचं, दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. हे ज्याला शिकवलंय त्यालाच कळतं. न शिकलेला माणूस आवाजाच्या दिशेने तोंड करून उभा राहतो. मावशीने तेच केलं. म्हणजे तुझ्या हाकेने तिचं डोकं खाली जाण्याऐवजी चेहरा वर आला.

व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांत, म्हणजे पीडीजीएच्या नियमावलीत, शिष्टाचाराचं वेगळं कलमच आहे. कोणाला लागू शकेल अशी शक्यता असताना फेकायचं नाही. फेकायला ३० सेकंद मिळतात खरे, पण वाटेत माणूस असेल तर घाई कोणी करत नाही. शिष्टाचार मोडला तर पहिल्यांदा ताकीद, त्यानंतर दर वेळी एक फेक जादा मोजतात. गटातल्या प्रत्येकाने दुसऱ्याची फेक बघितलीच पाहिजे हेही त्यात आहे. एकतर डिस्क सापडते, आणि सहा जोडी डोळे असतील तर झाडाखालची मावशी कोणाला तरी दिसते.

---

निळा_खेकडा

पाव्हणा, +१. 'धारेच्या बाजूने येणारा ऐवज' वाचून पोटात गोळा आला.

---

सत्तरीकरीण

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण 'सड्यावर कोणी नसतं' हे गृहीत धरून चाललंय ते बघून राहवलं नाही.

माझं माहेर वाळपईजवळ. घरचे काजू आहेत. फेब्रुवारी संपत आला की मेपर्यंत घरातलं माणूस उजाडायच्या आत बाटात (काजूच्या बागेत) असतं. बोंडू झाडावरून काढत नाहीत, पिकून पडलेला वेचतात. काठीच्या टोकाला खिळा असतो, त्याने टोचून टोपलीत. झाडाची फांदी जमिनीला टेकलेली, खाली पाला, आणि बाई त्या पाल्यात कंबरेत वाकलेली. तुम्ही उंचवट्यावर उभे राहून पंधरा मिनिटं बघितलंत तरी ती दिसणार नाही. दिसलीच तर लुगड्याचा रंग दिसेल. मग तुम्ही म्हणता, 'कोणी नव्हतं'.

तो बोंडू पुढे कोळंबीत (तुडवायच्या कुंडीत) तुडवतात, रस भाटीवर जातो, त्याचा हुर्राक होतो, फेणी होते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांच्या छात्या फुगल्या. वेचणारीची पाठ मात्र वाकलेलीच आहे. असो. विषय सोडून जातेय.

मुद्दा हा की सडा मोकळा असतो, रिकामा नसतो. गुरं असतात, गुराखी असतो. पावसाळ्यात अळंबी शोधणारे असतात. अमक्या वाड्यावरून तमक्या वाड्यावर जायची पायवाट तुमच्या दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या खांबामधून जात असते, ती तुम्हाला गवतात दिसत नाही एवढंच. आणि जागा कोणाची, हे विचारलंत का? सडा म्हणजे सरकारी असं नसतं. काही कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) असतो, काही कोणाच्या तरी आजोबांचा.

तबकडी, तुम्ही पैसे देऊ केलेत ते ठीक. पण तिने विचारलेला प्रश्न पैशांचा नव्हता.

---

तबकडी

सत्तरीकरीण, हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. खरं सांगायचं तर जागेबद्दल आम्ही कोणालाच विचारलेलं नाही. गाडी लावायला जागा होती, गवत कापलेलं होतं, वाटलं चालतं. गवत कापलेलं होतं म्हणजे कोणीतरी कापलं होतं, हे आज सुचतंय.

---

कप्तान

सत्तरीकरीणबाईंचा मुद्दा मान्य. मी शब्द मागे घेतो, पण अर्धेच. परवानगी घ्या, बघून फेका. पण प्रत्येक फेकीआधी पोलीस बंदोबस्त लावलात तर खेळ कुठे राहिला?

---

आंबोलीची_वाट

अवांतर: हा खेळ निघाला कुठून? नाव नवीन वाटतं.

---

फोंड्याचा_पाव्हणा

@आंबोलीची_वाट, एड हेड्रिक नावाचे गृहस्थ. फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत होते. पहिलं कायमचं मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियात झालं, तेव्हा नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायची म्हणून त्यांनी साखळ्या आणि टोपली शोधून काढली. पीडीजीए १९७६ ची, तीही त्यांनीच काढली. २००२ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. आपल्याकडे नदीत सोडतात, त्यांना फेकत राहायचं होतं.

कप्तान, बंदोबस्त लागत नाही. लागतो एकच माणूस. जिथून बास्केट आणि तिच्या आजूबाजूची जमीन दिसत नाही तिथे गटातल्या एकाने उंचवट्यावर जाऊन उभं राहायचं. तो हात सरळ वर करेपर्यंत फेकायचं नाही. हात आडवे केले की थांबायचं. आणि तो स्वतः फेकीच्या रेषेत नाही, झाडाच्या बुंध्याआड. बास.

---

निळा_खेकडा

त्याला राखणदार म्हणू या. नारळ नको, कोकम सोडा चालेल.

---

बेतकेकर

राखणदार आवडला.

मला ओरडण्याबद्दल म्हणायचंय. फेकून झाल्यावर काय ओरडायचं यावर सगळे डोकं खाताय. आमच्याकडे डोंगरात माणूस शोधायचा तर कुकारो घालतात. 'कूऽऽऽ' असा लांब. जिथे असेल तिथून तो उलट कुकारो घालतो. माझा आजा गुरं घेऊन जायचा तेव्हा जेवायच्या वेळी आजी असाच आवाज द्यायची, एक डोंगर पलीकडे पोचायचा. तुम्ही होल सुरू करण्याआधी कुकारो घाला ना. बाटात कोणी असेल तर ओ देईल. ओ आली की थांबा, जा, बोला. फेकीनंतरची हाक ऐकून माणूस काय करणार? ८० च्या वेगाने म्हणजे सेकंदाला २२ मीटर. हाक कळेपर्यंत थाळी पोचलेली.

एवढं करूनही हातून सुटलीच तर 'सांबाळ' म्हणा. किंवा 'तकली, तकली!' ते ऐकून गोव्यातला माणूस आकाशात बघणार नाही, डोक्यावर हात नेईल.

---

फोंड्याचा_पाव्हणा

बेतकेकर, दंडवत. एवढी वर्षं खेळतोय, हे सुचलं नव्हतं.

---

संपादक

राजकारण आणि खाणींबद्दलचे दोन प्रतिसाद काढले आहेत. तो धागा वेगळा आहे.

---

डॉ_माडावरून

लहानशी भर. चेहऱ्यावर कडेने फटका बसला तर डोळ्याभोवतीचं हाड, दात, जबडा यांची काळजी. वरून नुसती सूज दिसते आणि माणूस 'काही नाही, काही नाही' म्हणतो. दोन-दोन दिसू लागलं, उलटी झाली, गुंगी आली, बोलताना अडखळला तर वाट न बघता दवाखान्यात. डोळ्याला लागलं तर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. सड्यावर जाताना सगळ्यात जवळचा दवाखाना कुठे आणि मोबाइलला रेंज कुठल्या दगडावर येते हे आधी बघून ठेवा. १०८ ला फोन लावून 'तो मोठा सडा, काजू आहेत' असा पत्ता सांगून उपयोग नाही.

आणि फुरसं. आमच्या जांभ्याच्या सड्यांवर दगडांच्या फटीत फुरसं असतंच. केवढंसं असतं, पण चार मोठ्या विषारी सापांत गणलं जातं. डिस्क दगडाखाली सरकली की हात घालू नका, काठीने ओढा. अंगाला अंग घासून खरखर आवाज करतं, तो ऐकू आला तर मागे. चावलंच तर दोरी बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. अवयव हलवू न देता सरळ हॉस्पिटल.

---

सत्तरीकरीण

टिटवीही लिहा कोणीतरी. उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर समजा तुम्ही तिच्या घरात उभे आहात. खांब उचला आणि पंचवीस-तीस पावलं लांब मांडा.

---

आंबोलीची_वाट

आणि वीज? मेअखेरीला आणि ऑक्टोबरात सड्यावर गडगडायला लागतं तेव्हा सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही आणि तुमचा लोखंडी खांब.

---

फोंड्याचा_पाव्हणा

बरोबर. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. खेळ बंद, गाडीत बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काढायचा. झाडाखाली थांबायचं नाही, आणि 'एवढा होल संपवू' तर अजिबात नाही. हे वाक्य मी स्वतः बोललोय. त्या दिवशी काही झालं नाही, हेच वाईट झालं, कारण पुढच्या वेळीही बोललो.

खेळाडूंमधल्या सभ्यतेचं थोडक्यात: दुसरा फेकत असताना बोलू नका, त्याच्या नजरेच्या टप्प्यात हलू नका, पिशवीची चेन ओढू नका. टोपलीपासून जो लांब तो आधी फेकतो, म्हणजे पुढे गेलेल्याच्या पाठीवर डिस्क बसत नाही. हरवलेली डिस्क तीन मिनिटं शोधायची, नंतर सोडायची. तुम्ही सहा जण आहात, मागून दोघंच येत असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या. ब्लूटूथ स्पीकर गाडीतच ठेवा. आणि डिस्कच्या मागे नाव, नंबर लिहा. ज्याला सापडते तो फोन करतो, ही या खेळातली सगळ्यात गोड रीत. मला एकदा आठ महिन्यांनी फोन आला होता.

---

निळा_खेकडा

आणि बिअर?

---

फोंड्याचा_पाव्हणा

नऊ होल झाल्यावर, घरी. बाटली सड्यावर फुटली तर पुढच्या पावसापर्यंत गुरांच्या खुरात.

---

कप्तान

कबूल. उरलेले अर्धे शब्दही मागे घेतो. रविवारी जागा असेल तर मला न्या. फेकायला नाही जमणार, खांदा गेलाय. उंचवट्यावर उभा राहीन.

---

तबकडी

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

शनिवारी संध्याकाळी मी आणि एक मित्र बास्केट न घेता गेलो. वाड्यावर विचारत विचारत मावशीचं घर काढलं. सोबत नवा डबा नेला होता. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, जुन्याला पोचा आहे, भोक नाही. तरी ठेवून घेतला. तिच्या मुलाने जागेचं सांगितलं: अर्धा सडा कोमुनिदादीचा, काजूंकडचा उतार त्यांच्या भावकीचा. कोमुनिदादीला अर्ज करायचाय, तोपर्यंत त्या भागात बास्केट नाही. भावकीच्या बाजूला त्याने खेळा म्हटलं, पण बोंडू संपेपर्यंत काजूंच्या दिशेने एकही फेक नको. चौथा होल मोडला. आता उलट दिशेने, चढावर, मोकळ्या कातळाकडे मांडलाय. कातळावर डिस्क कडेवर पडली की चाकासारखी घरंगळत जाते, ते एक नवीन लचांड, पण उघड्यावर घरंगळताना दिसते तरी.

वेचणी साडेनऊ-दहापर्यंत संपते म्हणे. आम्ही सात वाजता जायचो, ऊन टाळायला. आता साडेदहाला. टोपी लागेल.

रविवारी पहिल्या होलआधी बेतकेकरांचं ऐकून कुकारो घातला. सहा जणांना सहा तऱ्हेचा आला, एकाचा तर कोंबड्यासारखा. पण खालून, अगदी अपेक्षा नसताना, उत्तर आलं. दहा वाजून गेले तरी एक म्हातारा लाकडं गोळा करत होता. खाली जाऊन त्याच्याशी बोललो, त्याचं होईपर्यंत पाऊण तास बसलो. दोघांची कुरकुर झाली. मग त्याने आमची एक डिस्क हातात घेऊन फेकली आणि ती माझ्यापेक्षा सरळ गेली, तेव्हा कुरकुर थांबली.

एकच राहिलं. त्या दिवशी गडबडीत माझी डिस्क तिकडेच राहिली होती. शनिवारी मावशीच्या पडवीत बघितलं तर पाण्याच्या कळशीवर झाकण म्हणून ठेवलेली. मागे माझं नाव, नंबर ठळक. मी काहीच बोललो नाही. ती म्हणाली, "बरी बसता रे ही."

कप्तान, रविवारी सव्वादहाला म्हापसा बसस्थानकाच्या बाहेर. काठी घेऊन या.

---

कप्तान

काठी कशाला?

---

निळा_खेकडा

फुरशाला. आणि कोकम सोडा मी आणतोय, राखणदार.